साहसाची पूर्वतयारी

डोंगर दिसला की त्याच्या माथ्यावर जावे आणि नदी दिसली की तिच्या पाण्यात उतरावे, अशी इच्छा लहानपणी प्रत्येकाच्या मनात उत्पन्न होते. ही इच्छा चांगलीच आहे. ती नसती, तर मनुष्य आपल्या गावाची शीव ओलांडून कधी पलीकडे गेलाच नसता. परंतु साहस आणि अविचार ही दोन्ही दुरून सारखीच दिसतात. अंधाऱ्या गुहेत तसाच शिरणारा मुलगा आणि हाती दिवा घेऊन, सोबत्यांना सांगून, पाऊल चाचपून शिरणारा मुलगा, हे दोघेही पाहणाऱ्याला धीटच वाटतात. अंतर एवढेच की, दुसरा सुखरूप बाहेर येतो आणि पहिला येईलच असे नाही. हे अंतर ज्या गोष्टीमुळे पडते, तिलाच पूर्वतयारी म्हणतात.

पूर्वतयारी हा शब्द पुष्कळांना नीरस वाटतो. याद्या करणे, वेळ मोजणे, चौकशी करणे ही कामे भित्र्या माणसांची, असा काहींचा समज असतो. तो खरा नाही. २९ मे १९५३ रोजी तेनसिंग आणि हिलरी यांनी एव्हरेस्टच्या माथ्यावर पाऊल ठेवले. त्या एका पावलामागे कित्येक महिन्यांची आखणी आणि शेकडो हमालांचे श्रम होते. दोर, अन्न, प्राणवायू, मुक्कामाच्या जागा, यांतील एकही गोष्ट दैवावर सोडलेली नव्हती. जगातील सर्वांत उंच शिखरास जी गोष्ट लागू पडते, तीच शाळेच्या दोन दिवसांच्या सहलीसही लागू पडते.

एखाद्या शाळेतील सातवीच्या चोवीस मुलामुलींनी डिसेंबर महिन्यात वाईस जाण्याचे ठरविले आहे, असे समजा. पहिल्या दिवशी पांडवगड चढावयाचा आणि दुसऱ्या दिवशी कृष्णेच्या काठाकाठाने मेणवलीस जाऊन यावयाचे, असा त्यांचा बेत आहे. बेत सुंदर आहे; पण तो तडीस जाण्यासाठी आधी कोणकोणत्या गोष्टींचा विचार करावा लागेल?

पहिला विचार स्थळाचा. वाई हे सातारा जिल्ह्यातील कृष्णाकाठचे लहानसे गाव आहे. पुण्याहून ते सुमारे नव्वद किलोमीटर दूर आहे. वाईस रेल्वे नाही. पुण्याकडून येणाऱ्या एस. टी. गाड्या खंबाटकीचा घाट ओलांडतात आणि सुरूर येथे मोठा रस्ता सोडून वाईकडे वळतात. गावाभोवती डोंगरांचे कडे आहे आणि मधून कृष्णा वाहते. नदीच्या काठाने गावाच्या निरनिराळ्या आळ्यांचे सात घाट बांधलेले आहेत. त्यांपैकी एकाचे नाव रामडोह असे आहे. डोह म्हणजे नदीतील खोल पाण्याची जागा. जुन्या लोकांनी ठेवलेल्या अशा नावांतच पुष्कळदा सावधगिरीची सूचना असते. ती ऐकण्याची सवय मात्र प्रवाशाला हवी.

दुसरा विचार ऋतूचा. कृष्णा क्षेत्र महाबळेश्वर येथे उगम पावते आणि सुमारे चौदाशे किलोमीटरांचा प्रवास करून बंगालच्या उपसागरास मिळते. वाई हे या प्रवासातील अगदी आरंभीचे गाव. महाबळेश्वरास वर्षाकाठी सरासरी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून वाई रस्त्याने अवघी तीस-पस्तीस किलोमीटर दूर. पण ती डोंगराच्या आडोशास असल्यामुळे तिच्या वाट्याला त्या मानाने फारच थोडा पाऊस येतो. याचा परिणाम ध्यानात घेण्याजोगा आहे. पावसाळ्यात वाईच्या घाटावर ऊन पडलेले असते, आकाश निरभ्र असते आणि तरीही नदीचे पाणी चढू लागते. कारण ते पाणी वाईच्या पावसाचे नसते, दूरच्या डोंगरावरील पावसाचे असते. शिवाय वाईच्या वरच्या अंगास धोम येथे कृष्णेवर मोठे धरण आहे. ते भरले की त्याचे दरवाजे उघडून पाणी नदीत सोडावे लागते. पाणी सोडण्यापूर्वी काठच्या गावांना सूचना दिली जाते. परंतु खडकावर बसून गप्पा मारणाऱ्या परगावच्या मुलांच्या कानी ती पडेलच असे नाही. म्हणून नदीच्या पात्रात जाण्यापूर्वी, मग तो महिना कोणताही असो, गावातील जाणत्या माणसांना पाण्याची स्थिती विचारावी. आकाशाकडे पाहून नदीचा अंदाज बांधू नये.

वाहत्या पाण्याच्या शक्तीविषयी बहुतेकांची कल्पना अपुरी असते. पाणी कमरेपर्यंत आले म्हणजे धोका सुरू होतो, असे त्यांना वाटते. वस्तुतः गुडघाभर पाणीही वेगाने वाहत असेल, तर त्यात धडधाकट माणसाचे पाय निसटतात. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा दुप्पट होत नाही, तो चौपट होतो. वेग तिप्पट झाला की रेटा नऊपट होतो. काल ज्या जागी मुले हसतखेळत उभी होती, त्याच जागी आज उभे राहणे अशक्य व्हावे, याचे कारण हे आहे.

नदीची ही शक्ती ज्यांनी ओळखली होती, त्यांच्या शहाणपणाची साक्ष वाईच्या घाटावरच उभी आहे. गणपती आळीच्या घाटावरील ढोल्या गणपतीचे मंदिर गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधले. मंदिर अगदी नदीलगत आहे. त्यामुळे पुराचे पाणी त्यावर येणार हे उघडच होते. बांधणाऱ्यांनी मंदिराची मागील भिंत सपाट ठेवली नाही. ती माशाच्या आकाराची, निमुळती बांधली. पुराचा लोंढा त्या टोकावर आदळला की दुभंगतो आणि दोन्ही अंगांनी निघून जातो. सपाट भिंतीला जो सगळा मार सोसावा लागला असता, तो या भिंतीला सोसावा लागत नाही. पूर अडविता येत नाही, हे त्या कारागिरांना ठाऊक होते. पूर येणारच, असे धरून त्यांनी आधीच तजवीज केली. अडीचशेहून अधिक पावसाळे त्या मंदिराने पाहिले आहेत. पूर्वतयारी म्हणजे काय, हे एका वाक्यात सांगावयाचे झाल्यास या भिंतीकडे बोट दाखवावे.

तिसरा विचार वाटेचा आणि वेळेचा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे या कामी फार उपयोगी पडतात. त्यांवर समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा काढलेल्या असतात. या रेषा जेथे एकमेकींच्या जवळ आलेल्या दिसतात, तेथे चढ उभा असतो. जेथे त्या दूरदूर असतात, तेथे जमीन सौम्य उताराची असते. अशा रीतीने घरी बसल्या बसल्या डोंगराचे रूप डोळ्यांपुढे उभे करता येते. पांडवगड वाईच्या वायव्येस सुमारे सहा किलोमीटरांवर आहे. त्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १२७० मीटर आहे आणि वाई सुमारे ७०० मीटर उंचीवर वसली आहे. म्हणजे मुलांना साडेपाचशे मीटरांहून थोडे अधिकच चढावे लागेल.

आता हिशेब करावा. सपाट वाटेवर मुलांचा मेळावा तासाला तीन किलोमीटर चालतो आणि चढावर तासाभरात सुमारे अडीचशे मीटर उंची गाठतो, असे धरावे. सकाळी सात वाजता वाईहून निघाल्यास पायथ्याशी पोहोचण्यास नऊ वाजतील. तेथून माथा गाठण्यास सुमारे अडीच तास, म्हणजे साडेअकरा. गडावर एक तास. उतरण्यास दोन तास. पायथ्यापासून वाईस परत येण्यास आणखी दोन तास. याप्रमाणे साडेचार वाजता मुले मुक्कामी येतील. डिसेंबरात वाईस सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. हाती दीड तास शिल्लक राहतो. हा दीड तास फुकट गेला असे समजू नये. कोणाचा पाय मुरगळला, वाट चुकली, कोणी दमून खाली बसले, तर त्या वेळी हीच शिलकी वेळ उपयोगी पडते. ज्या बेतात शिलकी वेळ नाही, तो बेत कागदावर कितीही नेटका दिसला, तरी कच्चाच समजावा.

या हिशेबातून एक नियम निघतो व तो सर्वांत महत्त्वाचा आहे. घरून निघण्यापूर्वीच परतण्याची वेळ ठरवावी. ‘बारा वाजता आपण जेथे असू, तेथून मागे फिरू,’ असे सर्वांनी आधी मान्य करावे. समजा, सकाळी गाडीचा किंवा न्याहारीचा खोळंबा झाला आणि बारा वाजले तेव्हा माथा अजून अर्ध्या तासाच्या वाटेवर राहिला. वरची तटबंदी डोळ्यांना स्पष्ट दिसत आहे. पुढची मुले म्हणतात, ‘आता थोडक्यासाठी काय मागे फिरावयाचे?’ मागे एक मुलगी दगडावर बसली आहे. तिची टाच सोलवटली आहे आणि तिच्या बाटलीतील पाणी संपले आहे. अशा वेळी खरी परीक्षा होते. वर जाण्यास पायांचे बळ लागते; मागे फिरण्यास मनाचे बळ लागते. जो गट ठरलेल्या वेळी मागे फिरतो, त्याचा गड राहिला असे वाटते. पण गड कोठेही जात नाही. तो पुढील वर्षीही तेथेच असतो. अंधारात घसरड्या वाटेवर झालेली चूक मात्र कधी कधी दुरुस्त करता येत नाही.

चौथा विचार माणसांचा. चोवीस मुलांचे सहा-सहांचे चार गट करावेत व प्रत्येक गटास एक नायक नेमावा. प्रत्येक मुलाला एक जोडीदार असावा. आपला जोडीदार कोठे आहे, हे प्रत्येकास कोणत्याही क्षणी सांगता आले पाहिजे. रांगेच्या पुढे वाट जाणणारा मनुष्य आणि सर्वांच्या शेवटी एक शिक्षक असावा. शेवटच्या शिक्षकाच्या मागे कोणी राहू नये आणि पुढच्या वाटाड्याच्या पुढे कोणी जाऊ नये. चालण्याचा वेग सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या पायांनी ठरावा. निघताना, माथ्यावर, पायथ्याशी आणि मुक्कामी अशी चार वेळा मोजणी व्हावी. तीन लांब शिट्ट्या म्हणजे ‘आहात तेथेच थांबा’, यांसारख्या खुणा आधीच ठरवाव्यात. सहलीचा संपूर्ण कार्यक्रम शाळेत व घरी लिहून ठेवावा. म्हणजे परतण्यास उशीर झाला तर शोध कोठे घ्यावयाचा, हे मागच्यांना कळते. संकटसमयी मदत मागण्यासाठी ११२ हा क्रमांक प्रत्येकास पाठ असावा.

पाचवा विचार सामानाचा. पाठीवरील ओझे सपाटीवर हलके वाटते आणि चढावर जड होते. म्हणून अनावश्यक वस्तू घेऊ नयेत, आणि आवश्यक वस्तू विसरू नयेत. पाणी ही पहिली आवश्यक वस्तू. प्रत्येकाजवळ निदान दोन लिटर पाणी असावे. चोवीस मुले आणि तीन शिक्षक यांचे मिळून चोपन्न लिटर होते. गडावर खडकात खोदलेली टाकी आहेत खरी. परंतु त्यांतील पाणी केव्हा कसे असेल, याचा भरवसा धरू नये. खाण्यासाठी भाकरी, चटणी, गूळ, शेंगदाणे, फुटाणे यांसारखे न सांडणारे व न नासणारे पदार्थ बरे. पायांत घट्ट बसणारे व तळव्याला पकड असणारे जुने बूट असावेत. सहलीसाठी म्हणून नवे बूट घालू नयेत, कारण नवे बूट पहिल्याच चढावर टाच सोलून काढतात. डोक्याला टोपी, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा, हाती एक काठी आणि खिशात शिट्टी असावी. प्रत्येक गटात एक विजेरी असावी. औषधांच्या पेटीत स्वच्छ पट्ट्या, कापूस, जंतुनाशक मलम, कात्री आणि चिमटा असावा. उन्हाने किंवा जुलाबाने अंगातील पाणी कमी झाल्यास, एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून ते घोट घोट पाजावे, हे प्रत्येक मुलास ठाऊक असावे.

इतकी सिद्धता झाल्यावर गडाच्या चढणीस प्रारंभ करावा. पांडवगड हा शिलाहार राजा दुसरा भोज याने बांधला असे मानतात. पुढे तो विजापूरकरांकडे गेला आणि १६७३ मध्ये शिवाजी महाराजांनी तो स्वराज्यात आणला. माथ्यावर पांडजाई देवीचे मंदिर आहे. तेथून खाली पाहिले असता कृष्णेचे खोरे, धोमच्या जलाशयाचे चकाकणारे पाणी आणि पाचगणीचे सपाट पठार दृष्टीस पडते. सकाळी नकाशावर बोट ठेवून वाचलेल्या रेषा आता खऱ्या डोंगरांच्या रूपाने समोर उभ्या असतात. ज्यांनी तयारी केली, त्यांना या दृश्याचा अर्थ कळतो. इतरांना केवळ डोंगर दिसतात. कड्याकपारींत आग्या मोहळे असण्याचा संभव असतो. त्यामुळे गडावर दगड भिरकावू नयेत, धूर करू नये आणि अंगाला उग्र सुवासाची तेले लावून जाऊ नये. उतरताना घाई करू नये. चढताना माणूस सावध असतो. पाय घसरतात ते बहुधा उतरताना, काम झाले असे वाटू लागल्यावर.

दुसरा दिवस नदीचा. वाईपासून सुमारे तीन किलोमीटरांवर, कृष्णेच्या काठी मेणवली हे गाव आहे. पेशवाईतील मुत्सद्दी नाना फडणीस यांचा वाडा आणि त्यांनी बांधलेला घाट तेथे आहे. घाटावरील मेणेश्वराच्या मंदिराजवळ एक मोठी घंटा टांगलेली आहे. ती पोर्तुगिजांची असून, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकल्यावर तेथून आणलेली आहे, असे सांगतात. समुद्रकाठची घंटा सह्याद्री ओलांडून कृष्णाकाठी आली, ही गोष्टदेखील एका मोठ्या साहसाची खूणच होय.

घाटावर बसून पाणी पाहताना पोहण्याचा मोह होतो. येथे नियम अगदी कडक असावा. शिक्षकांनी आणि गावच्या माणसाने जागा दाखविल्याखेरीज कोणीही पाण्यात उतरू नये, मग तो कितीही पटाईत पोहणारा असो. विहिरीत किंवा तलावात पोहणे वेगळे आणि नदीत पोहणे वेगळे. विहिरीचे पाणी स्थिर असते. नदीचे पाणी पोहणाऱ्याला आपल्या वाटेने नेऊ पाहते. वरून शांत दिसणाऱ्या पाण्याखाली डोह, कपारी आणि भोवरे असतात. घाटाच्या पाण्याखालील पायऱ्यांवर शेवाळ धरलेले असते. पैजेपोटी पाण्यात उडी घेणे तर कटाक्षाने टाळावे. नदीने कोणाशी पैज लावलेली नसते.

आणि तरीही कोणी पाण्यात पडलेच, तर काय करावे? सोबत्याच्या प्रेमाने दुसऱ्याने धावत जाऊन उडी घ्यावी, हे स्वाभाविक वाटते. परंतु असे करणाऱ्याचाही जीव जाण्याचा फार मोठा धोका असतो. बुडणारा मनुष्य घाबरलेला असतो. तो जवळ येणाऱ्याला मिठी मारतो आणि त्यालाही खाली ओढतो. म्हणून तीन शब्द लक्षात ठेवावेत : हाक, काठी, दोर. प्रथम मोठ्याने हाका मारून मोठ्या माणसांना बोलवावे. बुडणारा जवळ असेल, तर काठावर पालथे पडून त्याच्यापुढे लांब काठी धरावी. तो दूर असेल, तर त्याच्याकडे दोर किंवा तरंगणारी वस्तू फेकावी. झाकण घट्ट लावलेला रिकामा डबाही माणसाला काही काळ तरंगत ठेवतो. घाटावर जाणाऱ्या प्रत्येक गटाजवळ म्हणूनच एक लांब दोर असावा. तो बहुधा न वापरताच परत येतो. पण त्यासाठी वाहिलेले ओझे व्यर्थ गेले, असे कोणी म्हणू नये.

शेवटचा विचार गावकऱ्यांचा. पाहुणे दोन दिवसांनी निघून जातात. गावकरी तेथेच राहतात. ज्या घाटावर मुले खेळतात, तेथे कोणाच्या घरचे धुणे चालते, कोणी देवदर्शनास येते. म्हणून आरडाओरडा करू नये, वाड्याच्या भिंतींवर नावे कोरू नयेत, शेतातील पिकांतून चालू नये. कागद, पिशव्या, बाटल्या जेवढ्या नेल्या तेवढ्या परत आणाव्यात. वाईच्या घाटावर टाकलेली पिशवी वाईस राहत नाही. ती कृष्णेबरोबर पुढील गावांस जाते. वाई हे विद्येचेही गाव आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचे प्रचंड कार्य याच गावातून झाले. पावसाची एखादी अवकाळी सर आली आणि डोंगर बंद झाला, तरी ज्याने गावाची माहिती आधी वाचून ठेवली आहे, त्याचा दिवस वाया जात नाही.

सहल संपवून मुले घरी येतात तेव्हा त्यांच्या याद्यांतील निम्म्या गोष्टी न वापरताच परत आलेल्या असतात. पट्ट्या उघडल्या नाहीत, दोर सोडला नाही, तीन शिट्ट्या वाजवाव्या लागल्या नाहीत. एखाद्याला वाटेल, ही सर्व खटपट उगाचच केली. परंतु ढोल्या गणपतीची ती निमुळती भिंतही वर्षातील बहुतेक दिवस कोरडीच असते. तिचे काम पुराच्या दिवशी असते आणि ती बांधावी लागते मात्र नदी शांत असताना. साहसाची तयारीही तशीच आहे. ती ज्याने केली, त्याला डोंगर आणि नदी पुन्हा पुन्हा बोलावतात आणि तो पुन्हा पुन्हा जाऊ शकतो.

अभ्यास

१. साहस आणि अविचार यांतील फरक लेखात कसा स्पष्ट केला आहे?

२. वाईस पाऊस नसतानाही कृष्णेचे पाणी का चढू शकते?

३. ढोल्या गणपतीच्या मंदिराची मागील भिंत कशी आहे? तिच्यापासून काय शिकावयाचे?

४. ‘वर जाण्यास पायांचे बळ लागते, मागे फिरण्यास मनाचे बळ लागते.’ या वाक्याचा अर्थ आपल्या शब्दांत सांगा.

५. आपल्या गावाजवळील एखादी टेकडी किंवा नदीकाठ निवडा. तेथील एका दिवसाच्या सहलीचे वेळापत्रक, सामानाची यादी आणि परतण्याची वेळ लिहून काढा.